बडोद्यात फोटोग्राफी शिकताना: पहिलं वर्ष, पाच प्रोजेक्ट

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाची मुलं काम दाखवायला आणतात, तेव्हा त्यात लक्ष्मी विलास पॅलेस असतो, सूरसागरातला महादेव असतो, कमाटी बागेतला एखादा पक्षी असतो आणि एक सुरकुतलेला चेहरा हमखास असतो. एकेक फोटो बघितला तर बरा असतो. पण चाळीस फोटो बघून झाले तरी या मुलाला नेमकं काय यायला लागलं आहे, हे सांगता येत नाही. रोज नवी जागा, नवा विषय, नवी सेटिंग्ज असली की कुठली चूक कशामुळे झाली हे त्याचं त्यालाच उमगत नाही.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. एका प्रोजेक्टमधून एकच कौशल्य शिकायचं आणि ते हातात बसेपर्यंत त्याच जागी परत परत जायचं. खाली पाच प्रोजेक्ट दिले आहेत. ते बडोद्यासाठी आखलेले आहेत. यातल्या बऱ्याचशा जागा जुन्या शहरात आहेत, पेट्रोलचाही फारसा खर्च नाही.

या कामासाठी आपलं शहर उत्तम आहे. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथेच, त्रिभुवनदास गज्जरांच्या कलाभवन या कला-तंत्र शिकवणाऱ्या संस्थेत. पुढे त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, सिनेमा त्यानंतर आला. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला दिल्लीतलं काम थांबवल्यावर कालांतराने बडोद्याला आल्या आणि २०१२ साली वारल्या त्याही इथेच. चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट तर आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाचेच. त्यांच्याकडे पाचव्या प्रोजेक्टच्या वेळी येऊ.

सामानाबद्दल थोडक्यात

सेकंडहँड डीएसएलआर किंवा मिररलेस बॉडी आणि ५० एमएम एफ/१.८ लेन्स एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. झूम लेन्स असेल तर ती एका आकड्यावर ठेवून वापरा. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी त्यातला प्रो मोड (सेटिंग्ज हाताने बदलता येतात तो) उघडावा, पहिले दोन प्रोजेक्ट त्यावर होतात. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. जेपेग ८ बिटची असते, रॉ बहुधा १२ किंवा १४ बिटची, त्यामुळे सावलीतला आणि उजेडातला तपशील नंतर परत आणायला जागा राहते. दुसरी बॅटरी घ्या. महागडी बॅग घेऊ नका, गर्दीत ती डोळ्यांत येते.

पहिला प्रोजेक्ट: घरातली एक खिडकी

कौशल्य: प्रकाशाची दिशा ओळखणं.

घरात थेट ऊन न येणारी एक खिडकी निवडा. तिच्याजवळ आई, आजी, काका, जे कोणी थोडा वेळ बसायला तयार असेल त्यांना बसवा. आधी त्यांचा चेहरा खिडकीकडे वळवून फोटो घ्या, मग खिडकी बाजूला येईल असं बसवा, मग अर्धवट वळवून, आणि शेवटी खिडकी पाठीमागे ठेवून. जागा तीच, माणूसही तेच. नाकाची सावली कुठे पडते ते बघत राहा. ती गालावर तिरकी उतरली की चेहऱ्याला उठाव येतो.

मग अंतर बदला. खिडकीपासून हातभर अंतरावर बसलेल्या माणसाची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू यांत मोठा फरक दिसतो. सात-आठ फूट मागे सरकवलं की तो फरक कमी होतो आणि एकूण उजेडही उतरतो. सावली फार काळी वाटली तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरं धोतर किंवा चादर खुर्चीवर पसरा. विकतचा रिफ्लेक्टर हेच काम करतो.

शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, सेकंदाच्या १/१२५च्या खाली (म्हणजे त्याहून संथ) जाऊ देऊ नका. हातात कॅमेरा धरून काढायचं तर शटरचा आकडा निदान लेन्सच्या आकड्याएवढा हवा, म्हणजे ५० एमएमला १/५० किंवा त्याहून जलद. माणूस जिवंत आहे, बोलतं आहे, हलतं आहे, म्हणून त्यापेक्षा जास्तच ठेवलेलं बरं. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

आजी बसल्या बसल्या शेंगा सोलत असेल तर तिला थांबवू नका. हाताला काम असलं की चेहरा आपोआप सैल पडतो.

दुसरा प्रोजेक्ट: खंडेराव मार्केटमधली फुलं

कौशल्य: एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा) आणि रंग. शिवाय अनोळखी माणसाशी बोलणं, जे कुठल्याही लेन्सपेक्षा अवघड आहे.

खंडेराव मार्केटची १९०६ साली बांधलेली इमारत सगळ्यांना माहीत आहे, पण फोटो तिचा काढायचा नाही. आपल्याला हवीत तिथली फुलं. सकाळी लवकर जा, ताजा माल आलेला असतो आणि ऊन अजून तिरकं असतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. मोगऱ्याच्या ढिगावर कॅमेरा रोखला तर तो पांढरी फुलं करडी करून दाखवणार. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ करा, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड. फूलवाल्याच्या मागे काळोखी दुकानाची पोकळी असेल तर उलटं होतं, मीटर अंधार उजळायला जातो आणि पुढचा माणूस पांढराफटक पडतो. तिथे –१. हे वाचून लक्षात राहत नाही. एकाच ढिगाचे –१, ०, +१ असे तीन फोटो घेऊन घरी शेजारी शेजारी ठेवले की कायमचं कळतं.

झेंडूचं प्रकरण आणखी वेगळं आहे. भर उजेडातला केशरी झेंडू मोठ्या पडद्यावर बघा, पाकळ्यांच्या घड्या गेलेल्या असतात, नुसता केशरी डाग उरतो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतो, कारण तो एकूण उजेड मोजतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगवेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा, मग दिसेल की लाल आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटला आहे. झेंडूला दोन-तृतीयांश स्टॉप कमी द्या, पाकळ्या परत येतात. लाल साडी, कुंकू, गुलाल या सगळ्यांना हाच नियम.

ढिगांवर रंगीत ताडपत्री ताणलेली असते, निळी नाहीतर पिवळी. तिच्याखालच्या माणसांच्या चेहऱ्यावर तोच रंग उतरतो आणि एडिटिंगमध्ये तो पुरता निघत नाही. विक्रेता ताडपत्रीच्या कडेला, मोकळ्या उजेडात येईपर्यंत वाट बघा.

आता बोलण्याचं. आपण घरी मराठी बोलणारी मुलं बाजारात गुजराती सहज बोलतो, त्याचा उपयोग करा. आधी दहा रुपयांची फुलं घ्या. मग कॅमेरा दाखवून विचारा, "मासी, एक फोटो पाडुं?" नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा, हुज्जत घालू नका आणि लांबून चोरून तर अजिबात काढू नका. हो म्हणाल्या की बहुतेक जण ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो काढा, तो त्यांचा आहे. मग थांबा. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं असतं, डाव्या हातात कळ्यांच्या जोड्या धरलेल्या असतात, उजव्या हाताने फास पडत जातो आणि नजर गिऱ्हाइकावर असते. तुमचा खरा फोटो तो.

पुढच्या वेळी जाताना त्या ताठ बसलेल्या फोटोची ४ × ६ इंची प्रिंट नेऊन द्या. प्रिंट शेजारच्या टोपल्यांवरून फिरते, कोणाची तरी सून ती बघते, कोणी तरी "मारोय पाड ने" (माझाही काढ ना) म्हणतं. त्यानंतर तिथे तुम्ही परके राहत नाही. लहान मुलांचा फोटो मात्र आईवडिलांना विचारल्याशिवाय नको.

तिसरा प्रोजेक्ट: जुने वाडे, लाकूड आणि सावली

कौशल्य: ऊन वाचणं आणि फ्रेम सरळ ठेवणं.

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीच्या आतल्या पोळी (जुन्या शहरातल्या घरांच्या अरुंद गल्ल्या): इथे अजून कोरीव लाकडाचे खांब, तोड्या (गॅलरी पेलणारे टेकू), गॅलऱ्या शिल्लक आहेत. एक दर्शनी भाग निवडा आणि तो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी काढा. कोरीव कामावर ऊन समोरून पडलं की नक्षी सपाट होते, बाजूने घासून गेलं की उभी राहते. कुठल्या घराला ते ऊन किती वाजता मिळतं, हे वहीत लिहून ठेवा. अशी वही फार कमी मुलांकडे असते आणि ज्यांच्याकडे असते त्यांचं काम ओळखू येतं.

ऋतूही बघा. बडोदं सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या मध्याआधी सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. तेव्हा माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो आणि इमारतींवर काही दिसत नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो, त्यामुळे तिरका उजेड दिवसभर मिळतो. वाड्यांचा प्रोजेक्ट हिवाळ्यात करा. चांपानेरला जायचं असेल तर तेही तेव्हाच. जागतिक वारसा यादीत २००४ साली गेलेलं ते ठिकाण बडोद्यापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे आणि जामी मशिदीच्या दगडावर हिवाळ्यातली सकाळ बघण्यासारखी असते.

गल्ली अरुंद, घर उंच, त्यामुळे कॅमेरा वर करावा लागतो आणि उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून फोटो काढणं. काकूंना विचारा, चहासुद्धा मिळेल. ते जमलं नाही तर कॅमेरा सरळ धरा, थोडी जास्त जमीन फ्रेममध्ये येऊ द्या आणि नंतर खालचा भाग कापा.

तांबेकर वाडा याच भागात आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचं हे घर, आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत आणि वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत उजेड कमी. फ्लॅश बंदच ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत नेऊन, श्वास सोडून, कोपर अंगाला लावून काढा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. ट्रायपॉड न्यायचा असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा.

चौथा प्रोजेक्ट: गरबा

कौशल्य: हालचाल.

नवरात्रात प्रत्येकाकडे गरब्याचे फोटो असतात आणि बहुतेकांत माणसं पुतळ्यासारखी उभी दिसतात. १/५०० ला घागऱ्याचा घेर थिजतो, आरसे स्वच्छ दिसतात, पण फेर कुठे जातो कोणास ठाऊक. गरबा म्हणजे फिरणं. ते दाखवायचं तर शटर १/१५ पर्यंत खाली आणा आणि एका नाचणाऱ्या व्यक्तीबरोबर कॅमेरा फिरवा. ती स्पष्ट, बाकी सगळं वाहतं. यालाच पॅनिंग म्हणतात.

उभं कुठे राहायचं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. फेराच्या बाहेर उभं राहिलात तर माणूस तुमच्याकडे येतो, समोरून जातो, लांब जातो. अंतर सतत बदलत राहतं आणि फोकस निसटतो. फेराच्या आत, मध्याजवळ उभं राहिलात तर तोच माणूस तुमच्याभोवती जवळपास सारख्याच अंतरावरून फिरतो. एकदा फोकस लावला की कमरेतून वळत राहायचं एवढंच काम. पाय खांद्यांएवढे फाकवा, वळायला सुरुवात आधी करा, बटण मध्येच दाबा आणि दाबल्यावरही वळणं थांबवू नका. मध्यभागी देवीची स्थापना असते, म्हणून आयोजकांना विचारून, चपला काढून आणि कोणाची वाट न अडवताच आत जायचं. मोठ्या मैदानांवर हे जमणार नाही. पोळीतला, सोसायटीतला छोटा गरबा निवडा.

बरेच फोटो वाया जाणार, ते धरूनच चाला. पहिल्या रात्री एकही जमला नाही तरी नऊ रात्री आहेत.

एक तांत्रिक गोष्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. स्वस्त एलईडीखाली जलद शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येतात, विशेषतः मोबाइलवर आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. मंगळ बाजारात रात्री काढतानाही हे लागेल.

उत्तरायणाला (संक्रांतीला) गच्चीवर पतंग उडवताना हीच तयारी वेगळ्या कामी येते. उजळ आकाशापुढे माणसं काळी पडतात. चेहरे हवे असतील तर +१.३ च्या आसपास जा. नुसत्या आकृती हव्या असतील तर आकाशाला मीटर करा आणि हात, फिरकी, मान वर केलेली रांग यांच्या कडा एकमेकींत मिसळणार नाहीत अशी जागा शोधा.

पाचवा प्रोजेक्ट: स्वतःचा विषय

इथपर्यंत आलात की हात बराच वळलेला असतो. आता विषय स्वतः निवडायचा आणि त्याला निदान सहा महिने द्यायचे.

ज्योती भट्ट यांचं काम याच वेळी बघावं. १९३४ साली भावनगरला जन्मलेले भट्ट बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली चित्रकला शिकले, मुद्राचित्रणात (ठशांवरून चित्रं छापण्याच्या कलेत) नाव कमावलं, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातेतल्या लोककलेच्या नोंदीसाठी कॅमेरा घेऊन गावोगाव फिरू लागले. भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, अंगावरचं गोंदण. ही कला पावसात धुऊन जाणारी, सणासोबत पुसली जाणारी. ते पुढची काही दशकं हेच करत राहिले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांचा संग्रह बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत जपला आहे. त्यांच्या फोटोंत भिंत एकटी नसते, ती रंगवणारी बाई, दारातलं मूल, बांधलेलं जनावर सोबत असतं. चित्र कुठे राहतं, हे त्यातून दिसतं.

आपला विषय निवडताना तीन गोष्टी तपासा. तिथे वर्षभर जाता येतं का? माणसं तुम्हाला आत घेतील का? आणि तुम्हाला त्यातलं काही आधीपासून माहीत आहे का? बडोद्यातल्या मराठी मुलांकडे असे विषय घरातच पडून असतात. चार पिढ्यांचं देवघर. फ्लॅटमध्ये आलेलं वाड्यातलं सामान. एका मराठी घरातला गणपती, आरास करण्यापासून विसर्जनापर्यंत. आजोबांच्या पिढीतले भजनी मंडळातले उरलेले लोक. विषय एका वाक्यात लिहा आणि वाक्यात क्रियापद असू द्या. 'बडोद्याचे वाडे' एवढ्याने कुठे उभं राहायचं ते कळत नाही. 'वाडा सोडताना घर काय नेतं' असं लिहिलंत की पहिला फोटो कुठला, तेही सुचतं.

प्रत्येक फोटोची नोंद त्याच दिवशी करा: कोण, कुठे, कधी, काय चाललं होतं. नाव विचारा, आणि ते छापायचं की नाही हेही विचारा. फाइलच्या नावात तारीख घाला. सगळं दोन हार्डडिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर ठेवा.

फोटो निवडणं

मुलं इथे घाई करतात, आणि वर्षभराची मेहनत इथेच वाया जाते. काढणं अर्धं काम आहे, निवडणं उरलेलं अर्धं.

काढल्या दिवशी काहीही डिलीट करू नका. त्या दिवशी तुम्हाला फोटो दिसत नसतो, तो काढताना झालेला त्रास आठवत असतो. आठवडाभराने बसा. पहिल्या फेरीत फक्त हललेले आणि फोकस चुकलेले बाजूला काढा. दुसऱ्या फेरीत मोजकेच ठेवा, समजा ४०. हे ४० पडद्यावर बघू नका. लॅबमधून ४ × ६ च्या स्वस्त प्रिंट काढून घरच्या फरशीवर पसरा. पडद्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो, फरशीवर त्यांची नाती दिसतात. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक उचला, दोन्ही आवडते असले तरी. तुमच्याकडे दुरून काढलेलेच सगळे आहेत, किंवा हातांचा जवळून एकही नाही, हेही तिथेच कळतं. मग परत जाऊन तेवढेच काढायचे.

बारापर्यंत उतरा. सगळ्यात देखणा फोटो पहिला लावू नका. पहिल्या फोटोने माणसाला जागेत आणायचं असतं, देखणा मध्ये कुठे तरी, दोन शांत फोटोंनंतर. मग ही रांग अशा कोणाला दाखवा, ज्याने ती जागा पाहिलेली नाही. तुम्ही गप्प बसा. त्याला काय दिसतं ते सांगू द्या आणि मग विचारा, यातले दोन काढायचे तर कुठले? तो जे काढेल त्याचं कारण बहुधा त्याला देता येत नाही, पण तुम्हाला ते कळतं.

एडिटिंगमध्ये उजेड, रंग, थोडं कापणं इतकंच करा. नोंद म्हणून दाखवणार असाल तर फ्रेममधली वायर किंवा डस्टबिनही पुसू नका.

दाखवताना

सबमिशनसाठी १२ × १८ इंची प्रिंट काढा. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) त्याला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ते सहज पुरतात. कागद मॅट घ्या, वर्गातल्या ट्यूबलाइटखाली ग्लॉसी चमकतो. आधी एकच प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. लॅपटॉपचा पडदा नेहमी जास्त उजळ ठेवलेला असतो, म्हणून पहिली प्रिंट काळपट येते. फाइल थोडी उजळून मग बाकीच्या द्या.

टेबलावर प्रिंटसोबत ते ४० छोटे फोटोही ठेवा आणि वहीसुद्धा. शिकवणाऱ्याला तुमची निवड कशी झाली ते त्यातून वाचता येतं आणि चर्चा कामाची होते. आणि प्रदर्शन लावायच्या आधी, ज्यांचे फोटो आहेत त्यांना ते फोटो दाखवून या. एखादी मासी म्हणेल हा लावू नकोस, यात माझा पदर सरकला आहे. तो फोटो काढून टाका आणि फरशीवरचा तेरावा त्या जागी लावा.